कठड्यापाशी कोरं

१

आमच्या उद्यानात कामचुकारपणा पचत नाही. राख चहाडी करते.

डोंगर अधूनमधून खोकतो आणि मग कधी तासभर, कधी अर्धा दिवस बारीक करडी राख पडत राहते. पार्किंगवर, तिकीटखिडकीवर, बाकांवर, माझ्या बसवर. राख पडत असताना झाडायचं नाही असा नियम आहे, कारण झाडून उपयोग नसतो, उलट ती डोळ्यांत जाते. राख थांबली की आधी साहेब फेरी मारतात, मग झाडू बाहेर निघतात. राख पडताना जिथे कोणी बसलेलं किंवा उभं असतं, तेवढीच जागा स्वच्छ राहते. त्या जागेला आम्ही कोरं म्हणतो. ‘तुझं कोरं सापडलं’ म्हणजे कामाच्या वेळी तू कुठे टेकला होतास ते साहेबांना कळलं. एकदा खुद्द साहेबांचंच कोरं सापडलं होतं, पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर, आडवं, पोटासकट. कॅन्टीनच्या मावशींनी त्याच्याभोवती खडूने रेघ मारून ठेवली. साहेबांनी चार दिवस कॅन्टीनचा चहा घेतला नाही.

मी बस चालवतो. खालच्या फाटकापासून प्रवासी वर विवराच्या कठड्यापर्यंत न्यायचे, फोटो काढून होईपर्यंत थांबायचं आणि परत खाली आणायचे. जिवंत ज्वालामुखी बघायला माणसं कुठून कुठून येतात आणि गंधकाचा वास नाकात गेला की लगेच बसमध्ये येऊन बसतात. मी त्यांना दोष देत नाही. मला स्वतःला तो डोंगर बघायचा इतका कंटाळा आलाय की मी बस नेहमी त्याच्याकडे पाठ करून लावतो.

माझा थोरला भाऊ, दादा, वर कठड्यावर पहारेकरी होता. मला ही नोकरी त्यानेच लावली. आम्ही दोघं कर्मचाऱ्यांच्या चाळीत एका खोलीत राहायचो, दोन खाटा, एक शेगडी. वहिनीही पूर्वी इथेच राहायच्या, पण राखेने त्यांची छाती भरायला लागली म्हणून त्या खाली, दूरच्या गावात राहायला गेल्या. दादा महिनाअखेर निवृत्त होऊन कायमचा त्यांच्याकडे जाणार होता. वहिनींनी मला फोनवर बजावलं होतं, “भावजी, तुम्ही स्वतः आणून सोडा ह्यांना. एकटे निघाले तर अर्ध्या वाटेतून परत फिरतील. मी ओळखून आहे.”

मी शब्द दिला होता. दादाला डोंगरावरून काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखंच होतं, हे मलाही माहीत होतं.

२

त्या दिवशी भरदुपारी भोंगा वाजला. भोंगा वाजला की पहारेकऱ्याने कठडा रिकामा करायचा, सगळ्यांना बसमध्ये चढवायचं, शेवटी स्वतः चढायचं आणि ‘चल’ म्हणायचं. तो म्हणेपर्यंत ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही.

सगळे चढले, तर मागच्या सीटवरची एक बाई ओरडायला लागली, “माझे मिस्टर राहिले! वरच राहिले!” दादाने माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं. रोजचंच होतं हे. तो मास्क नीट करत पुन्हा वर चढून गेला. तो गेला आणि मिस्टर स्वच्छतागृहाच्या बाजूने हात पुसत आले. कपाळावर हात मारून घ्यावा असा प्रकार.

मी हॉर्न वाजवत राहिलो. राख इतकी दाट झाली की कठडा दिसेनासा झाला. वायपर चालवावा तर काच ओरखडते, दिवे लावावेत तर समोर नुसतं करडं. डोंगराच्या पोटातून आवाज येत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट ओढत असावं तसा. ते मिस्टर कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होते.

मग दार उघडलं, दादा आत आला आणि माझ्यामागच्या पहिल्या सीटवर बसला.

“चल,” म्हणाला.

खाली येऊन मी बस झाडायला घेतली. माणसांच्या केसांतून, कपड्यांतून गळलेली राख सगळ्या सीटांवर, खाली, पायऱ्यांवर साचली होती. पहिली सीट मात्र स्वच्छ होती. सगळ्यांत जास्त वेळ राखेत उभा असलेला माणूस त्या सीटवर बसून आला होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं की चला, एक सीट कमी पुसायची.

३

पुढच्या आठवड्यात दुपारी पुन्हा हलकी राख पडली. आम्ही दोघं खोलीवर होतो. दादा बाहेर ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसला, डोंगराकडे तोंड करून.

“दादा, आत ये. कशाला राख खातोयस?”

“बसू दे रे थोडं.”

चहा झाल्यावर तो आत आला. खुर्ची उलटी करून ठेवायला मी बाहेर गेलो. आमच्याकडे खुर्ची, बादली, सगळं उलटं करून ठेवायची सवय असते. खुर्चीवर राख होती. कडेला होती आणि मधेही होती, पाठीवर होती, हातांवर होती, सगळीकडे सारखी. मी मधोमध बोट फिरवलं तर रेघ उठली.

वारा असेल, मी म्हटलं. किंवा तो बसलाच नसेल, उभा असेल. पण मी खिडकीतून त्याला बसलेलं बघितलं होतं, कप मागायला त्याने हात बाहेरूनच पुढे केला होता. मग म्हटलं, उठल्यावर पडली असेल. पण तो उठला तेव्हाच राख थांबली होती, म्हणून तर तो आत आला.

मी तसा शंकेखोर माणूस नाही. गाडीत खडखड झाली तर बोल्ट बघावा, भूत बघू नये, हे मला कळतं. म्हणून पुढच्या वेळी राख पडली तेव्हा त्याच खुर्चीत, त्याच जागी मी स्वतः जाऊन बसलो. उठून बघितलं तर माझं कोरं व्यवस्थित उमटलं होतं. चांगलं रुंद उमटलं होतं, जेवण कमी करायला हवं असं वाटण्याइतकं. डोक्यावर हात फिरवला तर मूठभर राख निघाली.

दादाच्या डोक्यावर त्या दिवशी काहीच नव्हतं. त्याच्या कपातल्या चहावर मात्र राखेची साय होती, आणि ती न फुंकता तो सगळा चहा प्यायला होता.

४

नोकरी संपत आली तशी शिल्लक रजा घेऊन टाका, असं साहेबांनी दादाला सांगितलं. तो खोलीवर झोपून राहायला लागला. एका सकाळी राख थांबल्यावर मी पहिली फेरी घेऊन वर गेलो, तर झाडूवाला, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, कठड्याच्या टोकाला झाडूवर हनुवटी टेकून उभा होता.

“तुमच्या दादांना सांगा,” तो हसत म्हणाला, “जाता जाता तरी जरा पाय मोकळे करा म्हणावं. हे बघा.”

कठड्याच्या टोकाला दादाची ठरलेली जागा होती. तिथे राखेत बुटांचे दोन तळवे कोरे होते, टोकं विवराकडे. वर कठड्याच्या लोखंडी नळीवर हात टेकल्याच्या दोन कोऱ्या जागा. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसत होती. दादा डावा पाय जरा फरफटवत चालतो.

“पूर्ण वेळ हलले नाहीत वाटतं,” लांब्या म्हणाला. “आणि गेले कधी ते दिसलं पण नाही. जाण्याच्या पावलांवर राख पडून गेली असणार.”

दादा आज ड्युटीवर आलाच नाही, तो खोलीवर झोपलाय, मी त्याला झोपलेला बघून निघालोय, हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर लांब्याने विचारलं असतं, मग हे कुणाचं? आणि त्याला उत्तर देत बसायची ताकद माझ्यात नव्हती. इतकी वर्षं रोज तोच रस्ता, तीच वळणं, तीच माणसं, ‘हा कधी फुटणार?’ हा तोच प्रश्न. माणूस एका मर्यादेनंतर कशालाच ‘म्हणजे काय?’ म्हणत नाही.

लांब्याने त्या जागेवरून झाडू फिरवला. आजूबाजूची राख सरकून आत आली. त्याने पुन्हा फिरवला. एक प्रवासी फोटोसाठी तिथे उभा राहायला गेला आणि का कोण जाणे, जरा बाजूला सरकून उभा राहिला. गर्दीत कुणी आधीच उभं असलं की आपण सरकतो, तसा.

खोलीवर आलो तेव्हा दादाचे बूट खाटेखाली होते. तळव्यांना लागलेली राख जुनी, वाळलेली होती. डावी टाच बाहेरून झिजलेली होती. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि खोली फार शांत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भोंग्याच्या त्या दुपारपासून तो एकदाही खोकला नव्हता. इतक्या वर्षांचा खोकला, ज्याच्यावर मी घड्याळ न बघता उठायचो, तो गेलाच होता.

५

“त्या दिवशी वर काय झालं रे?” मी जेवताना विचारलं.

“कुठल्या दिवशी?”

“त्या बाईचे मिस्टर राहिले होते तेव्हा.”

“काय होणार? शोधलं. नाही सापडला. आलो.”

“बराच वेळ लागला तुला.”

तो घास हातात धरून विचार करत बसला. टाळाटाळ करत नव्हता, खरंच आठवून बघत होता.

“कठड्याशी उभा होतो,” तो म्हणाला. “काही दिसत नव्हतं. फार दमलो होतो रे. इतका, की वाटलं, आता इथून हलायचंच नाही. आणि मग एकदम पाय हलके झाले. निघालो.” घास तोंडात टाकून तो म्हणाला, “तेव्हापासून दमायलाच होत नाही मला. मजा आहे.”

मी ताट बाजूला सारलं. माझ्याच भावाची मला भीती वाटत होती. तो मायेने म्हणाला, “जेव की. काय झालं?”

त्याच दुपारी वहिनींचा फोन आला. त्या आधी त्याच्याशी बोलल्या, मग माझ्याशी. आवाजात आनंद मावत नव्हता. “भावजी, खोकला गेला हो ह्यांचा! डोंगर सुटणार म्हटल्यावर छातीच मोकळी झाली बघा. मी नवीन गादी करून घेतलीय. पुढची खोली रंगवून घेतलीय. तुम्ही आणताय ना?”

“आणतो, वहिनी.”

“दिलेला शब्द आहे हं.”

दादा समोर बसून हसत होता. ते हसणं त्याचंच होतं, एका बाजूचं. मला वाटलं, मी वेडा झालोय. आणि तसं वाटण्यानेच किती बरं वाटलं.

६

निघायच्या सकाळी कॅन्टीनमध्ये साहेबांनी भाषण केलं, ते नेहमीप्रमाणे लांबलं. मावशी रडल्या. दादाने सगळ्यांचा निरोप घेतला, एकालाही विसरला नाही. बॅगा कॅन्टीनबाहेर आणून ठेवल्या. तेवढ्यात राख पडायला लागली, हलकी, वारा नसल्यामुळे सरळ खाली येणारी.

“तू मावशींपाशी बस जरा,” मी दादाला म्हटलं. “माझं वर एक काम राहिलंय.”

तो मावशींपाशी जाऊन बसला. मी रिकामी बस घेऊन एकटाच वर गेलो.

कठड्यावर कुणी नव्हतं. विवरातून वाफ येत होती आणि आतून तो कपाट ओढल्याचा आवाज, थांबून थांबून. मी टोकापर्यंत चालत गेलो. तळवे तिथेच होते. भोवती सगळं करडं होत चाललं होतं आणि ते तेवढे दोन काळे, स्वच्छ. मी जवळ उभा राहून नीट बघितलं. राख वरून येत होती आणि त्या दोन तळव्यांवर पोचत नव्हती. मधे ती कुठे अडत होती ते दिसत नव्हतं. मी वर बघायचं टाळलं. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर काय आहे ते मला बघायचं नव्हतं.

“दादा,” मी म्हटलं.

स्वतःचा आवाज ऐकून मला लाज वाटली. तरी बोललो. “दादा, वहिनी वाट बघतायत. नवीन गादी केलीय त्यांनी. खोली रंगवलीय. चल ना रे.”

काही झालं नाही. मी कठड्याला पाठ लावून, त्या जागेच्या शेजारी उभा राहिलो. राख माझ्यावर पडत होती. बऱ्याच वेळाने खांद्यावरची झटकावी म्हणून मान वळवली, तर माझ्या करड्या झालेल्या कोटावर, डाव्या खांद्यावर, एक पंजा कोरा होता. अंगठा आणि चार बोटं. वजन काहीच नव्हतं. राख पडत होती, पंजाच्या कडेला साचत होती, पण आत जात नव्हती.

तो मला धरून ठेवत होता की जा म्हणत होता, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. मी श्वास रोखून बघत राहिलो. मग आधी करंगळीची जागा करडी झाली, मग शेजारचं बोट, मग सगळा पंजा, आणि माझा खांदा पुन्हा एकसारखा झाला.

मी तिथेच उभ्या उभ्या रडलो, मास्क ओला होईपर्यंत. मग खाली आलो. दोघांपैकी जो येत होता त्याला न्यायचं, दुसरं माझ्या हातात काय होतं? दादा बॅगांपाशी उभा होता, अंगावर राखेचा कण नाही. बसमध्ये चढला आणि माझ्यामागच्या सीटवर बसला.

“चल,” म्हणाला.

७

वहिनींच्या गावात राख पडत नाही. तिथे झाडं हिरवी आहेत, खिडक्या उघड्या असतात, खुर्च्या सुलट्या असतात. रस्ताभर मी स्वतःला हेच समजावत आलो होतो. तिथे कुणाला कधी काही कळायचं कारण नाही. तो जेवतो, झोपतो, हसतो, जुन्या आठवणी अचूक सांगतो. वहिनींनी दार उघडलं. त्यांनी त्याचा हात धरून त्याला आत नेलं. तो हात त्यांना नेहमीसारखाच लागला असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं सुख होतं. मी पाणी पिऊन त्याच पावली परत निघालो. थांबा म्हणाल्या, पण मला थांबवेना.

त्यानंतर मी रोज वर जातो. राख पडली की प्रवाशांना खाली सोडून, जमलं तर पुन्हा वर येतो आणि त्या टोकाला उभा राहतो. दुसरं काही नाही, त्याला एकटं वाटू नये. साहेबांनी बदलीचं विचारलं होतं, मी नको म्हणालो. लांब्या आता त्या टोकाला झाडायला जात नाही. मी कारण विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

काल सकाळी मी बसची काच पाण्याने धूत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला.

“भावजी, कामात आहात?”

“नाही, बोला.”

“परवा मी पीठ चाळत होते.” त्यांचा आवाज साधा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा. “पंखा बंद करायचा राहिला. सगळीकडे पीठ उडालं. हे टेबलावर दोन्ही हात पसरून गप्पा मारत बसले होते. मग उठले, तर हातांखालीही पीठ.”

मी नळ बंद केला.

“वहिनी, पंख्याच्या वाऱ्याने...”

“मला पण तसंच वाटलं. म्हणून आज पंखा बंद ठेवला आणि परत चाळलं. ह्यांनी विचारलं, काय बघतेस? मी चाळत राहिले. तर ह्यांनी आपणहून हात पुढे केला, चाळणीखाली धरला. मी पण राहिलेय ना तिथे, भावजी. कोरं म्हणजे काय ते मला माहितीय.”

फडक्यातलं पाणी पायावर गळत होतं.

“मी ओरडले नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाले, मला माहीत नाही गं. त्याला विचार, मला त्याने आणलंय.”

पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. दादा रडू आवरत होता.

“सांगा ना, भावजी,” वहिनी हळू म्हणाल्या. “ह्यांना काय सांगू? समोरच बसलेत.”